पाच धडे झाले, पण पुस्तक मिटलं की काहीच येईना

उदगीरहून एका ताईंचं पत्र आलंय. थोडं छाटून देतो:

"मी बी.कॉम. केलंय, एमएससीआयटी पण झालंय. लग्नानंतर घरच्या अडत दुकानात बसते. आमचे मुनीमकाका शेतकऱ्याची पट्टी (मालाची रक्कम आणि कपात दाखवणारा हिशेबाचा कागद) अजून हातानंच करतात. मी सासऱ्यांना म्हणलं, कॉम्प्युटरवर पट्टी निघेल असं मी काहीतरी करते, ते म्हणाले कर की. भावाचं डिप्लोमाच्या वेळचं पायथनचं पुस्तक घरी पडून होतं, नवशिक्यांसाठीच आहे, त्यात टीकिंटर वापरून विंडो आणि बटनं कशी करायची ते दिलंय. पण पहिल्याच ओळीला एरर. ते शेजारच्या पोराला विचारून सुटलं. मग बटन दाबायच्या आधीच आपोआप चालायलं, कधी नन-टाइप म्हणून कायतरी एरर येतो, एकदा तर विंडो गोठूनच बसली. पाच धडे केले, सगळी उदाहरणं हातानं टाइप केली, पण पुस्तक मिटलं की काहीच येईना. दीर म्हणतो हे आता कुणी शिकतं का, वेबसाइट शिक, नाहीतर एआयला सांग, दोन मिनिटात करून देतं. सोडून देऊ का?"

ताई, सोडू नका. पण सहावा धडा उघडू पण नका. पाच धडे झालेत म्हणजे लेबल (नुसता दाखवायचा मजकूर), बटन, एन्ट्री (भरायचा डबा), फ्रेम (हे सगळं ठेवायची चौकट) आणि मांडणी एवढं तरी नक्की झालं असणार, आणि पट्टीला ह्याच्यापेक्षा जास्त काही लागत नाही. पुढच्या धड्यांत मेनूबार असेल, चित्र काढायचा कॅनव्हास असेल, स्क्रोलबार असेल, ते लागेल तेव्हा बघू. तुम्ही पुस्तक "संपवायला" निघालात, आपल्याला शाळेनं तीच सवय लावलीय म्हणा, पण हे पुस्तक परीक्षेचं नाही. आता पट्टीची विंडो करायला घ्या आणि अडलं की तेवढ्यापुरतं पुस्तक उघडा.

आधी ते पहिल्या ओळीचं. तुमच्या हातातलं पुस्तक पायथन टू वरचं आहे असं मला पक्कं वाटायलंय. पायथन थ्री २००८ च्या डिसेंबरात आलं, तरी जुनं बरीच वर्षं चालू होतं, पुस्तकं पण त्याचीच निघायची, शेवटी १ जानेवारी २०२० ला जुन्याचा सपोर्ट बंद झाला. जुन्यात टीकिंटरचा पहिला टी मोठ्या लिपीत होता, नव्यात छोटा. बस, एवढ्यावर पहिली ओळ फुटते, आणि नवीन माणसाला वाटतं आपल्यालाच येत नाही! शेजारच्या पोरानं तेवढं करून दिलं असेल, पण पुढं पण खड्डे आहेत. प्रिंटच्या पुढं कंस नसतील तर द्या. रॉ-इनपुट दिसलं तर नुसतं इनपुट करा. मेसेजबॉक्स पुस्तकात वेगळं मॉड्यूल म्हणून दाखवला असेल, आता तो टीकिंटरच्या आत गेलाय, तिथून इम्पोर्ट करा. ह्या सगळ्याला निदान एरर तरी येतो, पण भागाकाराला येत नाही. जुन्यात सात भागिले दोन केलं की तीन यायचं, नव्यात साडेतीन येतं, म्हणजे पुस्तकातलं उत्तर आणि तुमच्या स्क्रीनवरचं उत्तर गुपचूप वेगळं निघतं, आणि तुमचं काम हिशेबाचं आहे म्हणून हे लक्षात ठेवा. आणि एक, सराव करताना आपल्या फायलीचं नाव टीकिंटर ठेवू नका, मग पायथन खऱ्या टीकिंटरच्या ऐवजी तुमचीच फाइल उचलतं आणि असा काही विचित्र एरर देतं की संध्याकाळ जाते. खूप जण ठेवतात.

आता बटनाचं. पाच धड्यांत जे कळायला पाहिजे होतं पण पुस्तकानं बहुतेक दोन ओळीत उरकलं असेल ते इथं आहे, म्हणून थोडं थांबून वाचा.

तुम्ही आधी जे छोटे प्रोग्राम केले असतील ते वरून खाली चालतात. आकडा विचार, गुणाकार कर, छाप, संपलं. विंडोचा प्रोग्राम तसा नसतो. तो वरून खाली येतो, विंडो मांडतो, बटनं लावतो, आणि शेवटच्या ओळीला मेनलूपपाशी येऊन बसतो. म्हणजे अगदी तुमच्या मुनीमकाकांसारखा. सकाळी दुकान उघडलं, वही मांडली, पेन ठेवला, गादीवर बसले. ते कुणाकडं जात नाहीत. शेतकरी आला की त्याची पट्टी, हमाल आला की त्याचे पैसे, खरेदीदाराचा माणूस आला की त्याचं बिल, कोण आधी येईल ते काकांच्या हातात नाही. फक्त कोण आलं की काय करायचं हे आधीपासून ठरलेलं आहे. तुमचं काम तेवढंच, कोण आलं की काय करायचं ते आधी सांगून ठेवायचं.

बटनात कमांड म्हणून तुम्ही जे देता ते हे सांगून ठेवणं आहे. तिथं फंक्शनचं नुसतं नाव द्यायचं, समजा तुमच्या फंक्शनचं नाव हिशेब, तर हिशेब, एवढंच. तुम्ही हिशेब लिहून पुढं उघडा-बंद कंस दिला असणार, आणि कंस दिला की पायथन म्हणतं "आत्ता कर", म्हणून बटन स्क्रीनवर यायच्या आधीच हिशेब होऊन जातो, आणि बटनाच्या पदरात पडतं नन, म्हणजे काहीच नाही. मग नंतर कितीही दाबा, ते मुकं. नाव द्या, कंस काढा, चालेल.

गोठण्याचं कारण पण गादीवरच आहे. पुस्तकात "कृपया थांबा" दाखवायला टाइम-स्लीप वापरलेलं असतं, तीन सेकंद झोप, पाच सेकंद झोप. काका गादीवरच झोपले तर समोर उभ्या शेतकऱ्यानं किती पण हाका मारल्या तरी काम होणार का? विंडोचं तेच होतं, ती हलत नाही, बंद होत नाही, विंडोज वरती "नॉट रिस्पॉन्डिंग" लिहून टाकतं. थांबायचंच असेल तर विंडोचं आफ्टर नावाचं फंक्शन आहे, त्याला मिलीसेकंद आणि कामाचं नाव द्यायचं, तीन सेकंदाला ३०००, म्हणजे मेनलूप जागा राहतो आणि वेळ झाली की ते काम करतो. नाव देताना इथं पण कंस नको, वरचंच कारण. खरं सांगायचं तर पट्टीला हे लागणारच नाही.

नन-टाइपवाला एरर मला न बघता ओळखता येतो कारण टीकिंटर शिकणारा जवळपास प्रत्येकजण ह्यात पडतो. तुम्ही एकाच ओळीत एन्ट्री तयार केली आणि तिच्याच शेपटीला डॉट पॅक लावून सगळं मिळून वजन नावाच्या व्हेरिएबलमध्ये ठेवलं. पॅक एन्ट्रीला जागेवर बसवतं, पण परत काही देत नाही, म्हणून वजनमध्ये एन्ट्री न राहता नन राहिलं, आणि मग तुम्ही त्याच्याकडं गेट, म्हणजे डब्यात काय भरलंय ते, मागितलं. दोन ओळी करा. पहिलीत एन्ट्री बनवून नाव द्या, दुसरीत त्या नावाला पॅक करा. लेबलला एका ओळीत केलं तरी चालून जातं कारण लेबलकडं आपण सहसा परत काही मागत नाही, आणि पुस्तकात लेबल आधी येतं, म्हणून ती सवय लागते आणि पुढं जाऊन चावते.

(जाता जाता, टीकिंटरच्या मागं विंडो-बटनं काढणारं जे टीके आहे ते मूळचं पायथनचं नाहीच. जॉन औस्टरहाउट म्हणून कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या विद्यापीठात प्रोफेसर होते, त्यांनी टीकल नावाची स्वतःची भाषा केली आणि तिच्यासाठी टीके केलं, १९९० च्या आसपासची गोष्ट. पायथननं ते वापरायला घेतलं. म्हणून कधी कधी एररमध्ये टीकल हा शब्द दिसतो, घाबरू नका, मागं तेच चालू असतं. आणि जुन्या उदाहरणातली बटनं विंडोज ९५ सारखी दिसतात म्हणून नाक मुरडू नका, टीटीके नावाचा भाग आहे, त्यातली बटनं बरी दिसतात, पण ते शेवटी.)

आता पट्टी. कॉम्प्युटर बंद ठेवा आणि काकांच्या वहीतली कालची एक पट्टी समोर घ्या. समजा सोयाबीन, १२ कट्टे, वजन ७ क्विंटल २० किलो, भाव ४,६५०. गुणाकार ३३,४८०. कट्ट्याला हमाली १० धरली तर १२०, तोलाई ५ धरली तर ६०. निव्वळ ३३,३००. तुमच्याकडचे दर वेगळे असतील, ते टाका. आता ह्यात माणूस काय भरतो आणि मशीन काय काढतं हे पेन्सिलीनं वेगळं करा. भरायचं: नाव, गाव, माल, कट्टे, वजन, भाव. काढायचं: रक्कम, हमाली, तोलाई, निव्वळ. भरायचं ते सगळं एन्ट्री, काढायचं ते सगळं लेबल, आणि मधे एक बटन. विंडोचं चित्र तयार झालं की! पुस्तक मिटल्यावर काही सुचत नव्हतं ते ह्यामुळं. पुस्तकातल्या उदाहरणांना काम नसतं, त्यात बटन दाबलं की "हॅलो" येतं, आता कुणाला हॅलो म्हणायचंय. तुमच्यापुढं पट्टी असली की प्रत्येक डब्याला कारण मिळतं.

मांडणीला पॅक नको, ग्रिड घ्या, कारण पट्टी ही मुळात रकान्यांचीच आहे, डावीकडं नाव, उजवीकडं डबा, ओळीला ओळ. एकाच फ्रेममध्ये पॅक आणि ग्रिड दोन्ही घालू नका, भांडतात, आताच्या टीकेमध्ये निदान सरळ एरर तरी येतो.

पहिल्या दिवशी फक्त वजन, भाव आणि रक्कम, बाकी काही नको. तेवढं चाललं की हमाली, मग तोलाई, मग नाव-गाव. एकदम सगळं लिहून चालवलं की कुठं चुकलं ते सापडत नाही आणि मग माणूस पुस्तकाला शिव्या देतो.

एन्ट्रीतून जे येतं ते कायम अक्षरं म्हणून येतं, आकडा म्हणून नाही, त्याला फ्लोटमध्ये घालून आकडा करावा लागतो हे पुस्तकात असेलच. पण तीन गोष्टी नसतील. एक, डबा रिकामा असला की फ्लोट एरर देतं. दोन, कुणी ४,६५० असा स्वल्पविराम घालून भाव लिहिला तरी एरर देतं, तर आधी स्वल्पविराम काढून टाका. तीन, आणि ही खुश करणारी आहे, काकांनी मराठी कीबोर्डवरून ७.२० असं देवनागरीत टाइप केलं तरी पायथन थ्री ते बरोबर सात पॉइंट वीस म्हणून वाचतं, तुम्हाला काही करायची गरज नाही. रक्कम मात्र दाखवताना दोन घरांपर्यंत राउंड करून दाखवा, कारण कॉम्प्युटर दशांश आपल्यासारखा ठेवत नाही, पायथनमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज मागा, ०.३०००००००००००००००४ येते, आणि असा आकडा पट्टीवर दिसला तर शेतकरी तुमच्याकडं वेगळ्याच नजरेनं बघेल.

बटन दाबल्यावर "काहीच होईना" असं झालं तर आधी मागची काळी विंडो बघा. फंक्शनच्या आत एरर आला तर टीकिंटर प्रोग्राम बंद करत नाही, एरर त्या काळ्या विंडोत छापतं आणि विंडो साळसूदपणे उभी राहते. लोक काळी विंडो नको म्हणून शेवटी डब्ल्यू असलेलं एक्स्टेंशन देतात, ते सगळं पक्कं होईपर्यंत देऊ नका. एररची शेवटची ओळ आधी वाचायची, मग वर जायचं.

एवढं झालं की मुनीमकाकांना खुर्चीवर बसवा. तुम्ही शेजारी बसा आणि बोलू नका. हे अवघड आहे, "काका तिथं नाही, इथं" असं तोंडावर येईल, गिळा. मी सांगतो ते काय करतील: वजन टाकतील, एंटर मारतील आणि काहीच झालं नाही म्हणून तुमच्याकडं बघतील. कारण माउस त्यांच्या हाताला नाही, आकड्यांच्या बटनांचा भाग आहे, आणि तिथं एंटर आहे, टॅब नाही. मग तुम्ही घरी जाऊन एंटर दाबलं की पुढच्या डब्यात जाईल असं बाइंड करणार, म्हणजे त्या कळीला ते काम बांधून देणार. बाइंडमध्ये एंटरचं नाव रिटर्न आहे, आणि आकड्यांकडच्या एंटरला काही कॉम्प्युटरवर वेगळं नाव असतं, केपी एंटर, दोन्ही बांधा नाहीतर काका म्हणतील तुझं चालतच नाही. शेवटच्या डब्यात एंटर मारलं की सरळ हिशेब व्हावा म्हणून तेच हिशेब फंक्शन बाइंडला द्याल तर एरर येईल, बाइंड फंक्शनला इव्हेंट नावाची एक वस्तू हातात देतं आणि बटन काही देत नाही. फंक्शनच्या कंसात इव्हेंट, मग बरोबरचं चिन्ह, मग नन असं लिहून ठेवा, दोघांचं भागतं. काकांसमोर बसून अर्ध्या तासात जे कळेल ते उरलेल्या पुस्तकात नाही, कारण पुस्तक लिहिणाऱ्यानं तुमचे काका बघितलेले नाहीत.

छापायचं कसं हे तुम्ही विचारलं नाही पण विचारणारच. टीकिंटरमध्ये पूर्ण विंडो छापायची सरळ सोय नाही. सोपी वाट अशी की पट्टीचा मजकूर एचटीएमएल फाइल म्हणून लिहायचा, पायथनच्या वेबब्राउझर मॉड्यूलनं ती ब्राउझरमध्ये उघडायची आणि तिथून कंट्रोल पी. मराठी नावं पण नीट छापली जातात, फक्त फाइल लिहिताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-एट द्या आणि वर एचटीएमएलच्या हेडमध्ये पण तेच कळवा. रोजच्या पट्ट्या साठवायला सुरुवातीला सीएसव्ही (स्वल्पविरामानं रकाने पाडलेली साधी फाइल) पुरे, सासऱ्यांना एक्सेलमध्ये उघडता येते, पण त्याचं एन्कोडिंग यूटीएफ-एट-सिग द्या, नुसतं यूटीएफ-एट दिलं तर एक्सेल बऱ्याचदा मराठी नावांचा कचरा करून दाखवतं. पुढं पट्ट्या वाढल्या की एसक्यूलाइट नावाचा छोटा डेटाबेस बघा, ते पायथनसोबतच येतं, वेगळं काही टाकावं लागत नाही. टॅली करायला मात्र जाऊ नका. खाती-बिती टॅलीलाच करू द्या, तुमची पट्टी पट्टीपुरती राहू द्या.

आता दिराचं. तो चूक नाही, नोकरीसाठी शिकत असता तर मी पण वेबच सांगितलं असतं. पण तुमच्या दुकानात एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, वापरणारी दोन माणसं, आणि नेट कधी असतं कधी नसतं, तिथं विंडोचा साधा प्रोग्राम बसतो, सर्व्हर नको, डोमेन नको, वर्षाचे पैसे नकोत. आणि वेबला गेलात तरी क्लिक झालं की काय करायचं हे आधी सांगून ठेवायची पद्धत तिथं पण तीच आहे, हे शिकलेलं वाया जात नाही. एआयचं म्हणाल तर वापरा की, एरर समजून घ्यायला तर जरूर वापरा. पण पूर्ण पट्टी त्याच्याकडून लिहून घेतली आणि सीझनमध्ये हमालीचा दर बदलला, तर कुठली ओळ बदलायची ते तुम्हाला माहीत पाहिजे, नाहीतर दुकान भरलेलं असताना दिराला फोन लावत बसाल. म्हणून वजन, भाव, रक्कम एवढी पहिली विंडो स्वतःच्या हातानं करा, नंतर मदत घ्या. आणि हमाली, तोलाईचे दर फायलीत अगदी वरती, वेगळ्या ओळीत ठेवा, गुणाकाराच्या आत १० आणि ५ असे पुरून ठेवू नका.

काही दिवस काकांची हातची पट्टी आणि तुमची पट्टी दोन्ही चालू ठेवा, रोज संध्याकाळी ताळा घ्या. शेतकऱ्याच्या हातात मात्र तोवर काकांचीच द्या. आणि हे सगळं आत्ताच करा, दसऱ्याच्या पुढं सोयाबीनची आवक लागली की तुम्हाला पण वेळ नसेल आणि काका पण खुर्चीवर बसायला तयार होणार नाहीत.